सुतार पक्षी: पोफळीच्या रानापासून जगभरातील २३०हून अधिक प्रजातींपर्यंत

चिपळूणहून कराडकडे जाताना पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. वाशिष्ठीच्या खोऱ्यातले हे गाव बहुतेकांना माहीत आहे ते कोयना प्रकल्पाच्या डोंगरात खोदलेल्या भूमिगत वीजगृहामुळे. पण या परिसरात डोंगर पोखरण्याआधीपासून लाकूड पोखरणारे कारागीर राहतात. सकाळी रस्त्यावरची वर्दळ जरा कमी झाली की रानातून ‘टर्रर्र’ असा कोरडा आवाज येतो. कुणीतरी पोकळ लाकडावर भराभर काठी आपटावी तसा. तो सुतार पक्षी.

‘सुतार पक्षी’ हे एका पक्ष्याचे नाव आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते एका मोठ्या घराण्याचे नाव आहे. जगभरात या घराण्यात २३०हून अधिक प्रजाती आहेत, भारतात तिसाहून अधिक. चिमणीपेक्षा लहान सुतार आहेत आणि कावळ्यापेक्षा मोठेही. काही वाळवंटातल्या निवडुंगात राहतात, काही जमिनीत बीळ खोदतात, तर एक चक्क मुंग्यांच्या वारुळात अंडी घालतो. हा शेवटचा आपल्या सह्याद्रीतलाच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

डोक्यावर पंख्यासारखा तुरा, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि लांब, बारीक, वाकडी चोच असलेला पक्षी अंगणात किडे टिपताना दिसला की त्याचा फोटो ‘सुतार पक्षी’ म्हणून सर्रास फिरतो. तो सुतार नाही. तो हुदहुद. त्याची चोच मऊ मातीत खुपसण्यासाठी असते, लाकूड फोडण्यासाठी नाही. सुताराशी त्याचे जवळचे नातेही नाही.

सुताराचा खरा नातलग आहे तांबट. उन्हाळ्यात भर दुपारी ‘टुक्-टुक्-टुक्’ करत बसणारा तो छोटा हिरवा पक्षी. कोकणात सतत ‘कुटुर्र-कुटुर्र’ ओरडणारा कुटुरगाही त्याच गोतावळ्यातला. हे दोघेही झाडाच्या मऊ, कुजक्या फांदीत बीळ कोरतात, पण त्यांचे मुख्य अन्न फळे आहे. लाकडाच्या आतली अळी शोधून बाहेर काढणे हे सुताराचे काम.

सुताराची हत्यारे

चोच: सरळ, मजबूत आणि टोकाला छिन्नीसारखी. टोचून झिजते, पण सतत वाढतही राहते.

पाय: बहुतेक पक्ष्यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. सुताराची दोन पुढे आणि दोन मागे. त्यामुळे उभ्या खोडावर पकड बसते. काही प्रजातींत मागचे एक बोट अगदी खुरटलेले किंवा नाहीसे झालेले असते.

शेपूट: शेपटीची मधली पिसे कडक असतात. खोडावर बसताना पक्षी ती टेकवतो. दोन पाय आणि शेपूट मिळून तिवई तयार होते.

जीभ: लांब, चिकट आणि अनेक प्रजातींत टोकाला काटेरी. जिभेला आधार देणारी हाडे आणि स्नायू कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत येतात. म्हणूनच एवढी लांब जीभ एवढ्याशा डोक्यात मावते.

नाक: नाकपुड्यांवर बारीक केसाळ पिसे असतात. लाकडाचा भुसा आत जात नाही.

त्याचे डोके दुखत का नाही?

सुताराची कवटी स्पंजसारखी असते आणि ती धक्के शोषून घेते, म्हणून मेंदूला इजा होत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. समाजमाध्यमांवर ही माहिती आजही फिरते. २०२२ मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र हे चित्र बदलले.

बेल्जियममधील संशोधक सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रजातींच्या सुतारांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि ठोका बसताना चोच व डोके नेमके कसे थांबतात हे मोजले. डोके चोचीबरोबरच थांबते, मधे कुठेही धक्का शोषला जात नाही, असे त्यांना आढळले. विचार केला तर ते साहजिक आहे. हातोड्याला रबराची मूठ लावून त्याच मुठीत सगळा जोर जिरवला, तर खिळा ठोकला जाणारच नाही. सुताराचे डोके घट्ट हातोड्यासारखे काम करते. मग मेंदू वाचतो कसा? तो अगदी लहान असल्यामुळे. माणसाच्या मेंदूला ज्या धक्क्याने दुखापत होईल, तो एवढ्या छोट्या मेंदूला झेपतो.

तीन प्रकारचे ठोके

सुताराचा प्रत्येक ठोका खाण्यासाठी नसतो.

१. शोधाचे ठोके: हळू आणि अनियमित. साल ठोकून, खरवडून तो आत पोकळी किंवा अळी आहे का याचा अंदाज घेतो.

२. कोरण्याचे ठोके: जोरकस आणि सलग. यातून घरट्याची ढोली तयार होते. झाडाखाली भुश्याचा आणि लाकडाच्या ढलप्यांचा सडा पडतो.

३. ढोल: एका दमात अतिशय वेगाने मारलेले ठोके. ही त्याची भाषा आहे. ‘ही हद्द माझी’ हे सांगण्यासाठी आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी तो चांगला घुमणारे, वाळके लाकूड निवडतो. शहरांत कधी कधी पत्रा किंवा खांबही चालतो.

बहुतेक प्रजातींच्या ढोलाची लय ठरलेली असते. तांबूस सुताराचा ढोल सुरुवातीला वेगात असतो आणि मग मंदावत जातो. पेट्रोल संपलेली मोटारसायकल बंद पडताना जसा आवाज करते तसा. एकदा ऐकला की पक्षी न दिसताही ओळखता येतो.

पोफळी आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातले सुतार

पोफळीच्या वर घाटमाथ्याकडे कोयना अभयारण्य पसरले आहे. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ जागांना जागतिक वारसा दर्जा दिला, त्यांत कोयनेचाही समावेश आहे. खाली कोकणाच्या बाजूला ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा यांची मिश्र राने, आंबा-काजूच्या बागा, देवरायांतली जुनी झाडे आणि परसात नारळ-पोफळी. उंची, पाऊस आणि झाडांचा प्रकार थोड्या अंतरात बदलत असल्यामुळे सुतारांच्या वेगवेगळ्या प्रजातींना इथे जागा मिळते. कोकण आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात आढळणारे काही ठळक सुतार असे:

सोनपाठी सुतार: सर्वांत ओळखीचा. पाठ सोनेरी-पिवळी, कंबर काळी, डोक्यावर लाल तुरा. नराचे संपूर्ण टाळू लाल असते. मादीचे कपाळ काळे व त्यावर पांढरे ठिपके, लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यावर. गावात, नारळीच्या बागेत, अगदी पुण्या-मुंबईतल्या झाडांवरही दिसतो. उडताना खिदळल्यासारखा मोठ्याने ओरडतो.

मोठा सोनपाठी सुतार: दाट जंगलात राहणारा, चोच लांब, कंबर लाल. पश्चिम घाटातल्या या पक्ष्याला आता काही पक्षीतज्ज्ञ ‘मलबार’ सोनपाठी अशी स्वतंत्र प्रजाती मानतात. सोनेरी पाठीचा पक्षी दिसला की आधी कंबर पाहावी. काळी असेल तर साधा सोनपाठी, लाल असेल तर बहुधा हा.

हृदयाच्या ठिपक्यांचा सुतार: जेमतेम १६ सेंटिमीटरचा, काळा-पांढरा, डोक्यावर मोठा तुरा आणि शेपूट तोकडी. पंखांवरचे काळे ठिपके बदामाच्या आकाराचे असतात. दुरून पाहिले तर डोके शरीरापेक्षा मोठे वाटते. टाळूच्या पुढचा भाग पांढुरका असेल तर मादी, काळा असेल तर नर.

तांबूस सुतार: विटकरी रंगाचा, अंगावर बारीक काळे पट्टे. मुंग्या हे त्याचे आवडते अन्न. क्रीमॅटोगॅस्टर जातीच्या काळ्या मुंग्या झाडावर कागदासारख्या लगद्याचे गोल घरटे बांधतात. पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांपेक्षा या वेगळ्या. तांबूस सुतार या मुंग्यांच्या नांदत्या घरट्यातच भोक पाडून अंडी घालतो. ज्यांना तो खातो, त्यांच्याच घरात त्याची पिल्ले वाढतात.

पिंगट टोपीचा छोटा सुतार: सुमारे १३ सेंटिमीटर, चिमणीएवढा. बारीक फांद्यांवर हिंडतो आणि पटकन नजरेत येत नाही.

पिवळ्या तुऱ्याचा छोटा सुतार: हिरव्या अंगाचा, मानेवर पिवळा तुरा. पानांत सहज मिसळून जातो.

मराठ्यांच्या नावाचा सुतार

एका सुताराच्या शास्त्रीय नावातच मराठी मुलूख आहे: लिओपिकस मऱ्हाटेन्सिस. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये या पक्ष्याचे नामकरण केले. जुन्या पुस्तकांत तो ‘मराठा सुतार’ म्हणूनच येतो. कपाळ पिवळे, पाठ काळी-तपकिरी व पांढऱ्या ठिपक्यांची, पोटाखाली लाल डाग, आकार बुलबुलाच्या आसपास. नराच्या मानेवर लाल रंग असतो, मादीच्या नसतो.

हा पक्षी फक्त महाराष्ट्रात राहतो असे नाही. तो भारताच्या मोठ्या भागात आढळतो आणि शेजारच्या देशांतही. त्याला कोकणच्या ओल्या रानापेक्षा देशावरची कोरडी, विरळ झाडी जास्त मानवते. म्हणजे कुंभार्ली घाट चढून कराडच्या पुढे माळरानाकडे गेले की तो भेटण्याची शक्यता वाढते.

जगातले विलक्षण सुतार

सर्वांत मोठा: मोठा राखाडी सुतार, लांबी सुमारे ५० सेंटिमीटर. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो.

सर्वांत लहान: ‘पिक्युलेट’ गटातले इवलेसे सुतार. या गटात सुमारे ३० प्रजाती आहेत, बहुतेक दक्षिण अमेरिकेत. त्यांतला एक, सुमारे १० सेंटिमीटरचा ठिपकेदार पिक्युलेट, भारतात आहे.

साठेबाज: अमेरिका खंडातला एकॉर्न सुतार झाडाच्या सालीत हजारो भोके पाडतो आणि प्रत्येकात ओकचे एकेक फळ ठोकून बसवतो. सगळा परिवार मिळून हे कोठार सांभाळतो. फळ सुकून सैल झाले की ते काढून लहान भोकात बसवतो.

निवडुंगवासी: अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातला गिला सुतार उंच सग्वारो निवडुंगात घर कोरतो.

झाडाविना सुतार: दक्षिण आफ्रिकेतला भूसुतार खडकाळ, उघड्या डोंगरांवर राहतो, मुंग्या खातो आणि मातीच्या दरडीत बीळ खोदतो.

मान मुरडणारा: ‘रायनेक’ हा घराण्यातला जुन्या वळणाचा सदस्य. याच्या फक्त दोन प्रजाती. धोका वाटला की मान सापासारखी पिळतो. यांतली एक हिवाळ्यात भारतात येते. तो लाकूड कोरत नाही, आयती ढोली वापरतो.

जिथे सुतारच नाहीत

ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड आणि मादागास्कर इथे एकही स्थानिक सुतार नाही. अंटार्क्टिकात झाडेच नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. पण बाकीच्या ठिकाणी झाडे आहेत, लाकडात अळ्याही आहेत. मग सुतार का नाहीत? बहुतेक सुतार लांबवर समुद्र ओलांडत नाहीत. आशियाकडून येताना इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटापर्यंत ते पोहोचले आणि साधारण तिथेच अडले.

रिकामी राहिलेली ही जागा निसर्गाने दुसऱ्यांना दिली. मादागास्करमध्ये ‘आय-आय’ नावाचा निशाचर प्राणी फांदीवर बोटाने टकटक करून आतली पोकळी ओळखतो, दातांनी लाकूड कुरतडतो आणि काडीसारख्या लांब बोटाने अळी ओढून काढतो. न्यू गिनीत हेच काम पट्टेरी पोसम करतो. माकडाचा दूरचा भाऊबंद आणि कांगारूचा नातलग, दोघेही सुताराचा धंदा करतात.

एका ढोलीचे अनेक भाडेकरू

सुतार साधारणपणे दरवर्षी नवी ढोली कोरतो. जुनी ढोली रिकामी पडत नाही. साळुंकी, पोपट, दयाळ, पिंगळा, खारी असे कितीतरी जीव तिथे राहायला येतात. यांना घर हवे असते, पण लाकूड कोरता येत नाही. सुतार कमी झाले की या सगळ्यांची घरटंचाई सुरू होते.

सुताराचा बागायतदाराशीही संबंध येतो. आंब्याच्या खोडात शिरणारा भिरुड, माडाला लागणारे गेंड्या आणि सोंड्या भुंगे यांची नावे कोकणात घरोघरी माहीत असतात. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या हे अनेक सुतारांचे अन्न आहे. सुतारामुळे बागेतली कीड संपेल, असे मात्र समजू नये. माडावर सुतार वारंवार एकाच जागी टोचताना दिसला, तर त्याला हाकलण्याआधी खोड तपासावे. आत अळी असण्याची शक्यता असते. ढोलीसाठी तो बहुधा मेलेले किंवा आतून मऊ झालेले लाकूड शोधतो. धडधाकट झाड त्यालाही जड जाते.

वठलेल्या झाडाची किंमत

इथेच खरी अडचण आहे. शेंडा मोडलेले, पाने नसलेले झाड आपल्याला निरुपयोगी दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. त्यामुळे कुठले झाड राहणार आणि कुठले जाणार, हे बऱ्याचदा मालकाच्या गरजेवर ठरते. सरपण हवे असले की कुऱ्हाड पहिल्यांदा वठलेल्या झाडावर पडते, आणि यात गैर काही केले असे कुणाला वाटत नाही. सरसकट तोड झाली तर तरुण झाडे काही वर्षांत पुन्हा फुटतात. पण सुताराला लागणारे जाड, जुने, आतून कुजू लागलेले खोड तयार व्हायला अनेक दशके जातात.

याचा परिणाम काय होतो, हे जगाने पाहिले आहे. मेक्सिकोतला इम्पीरियल सुतार जगातला सर्वांत मोठा सुतार होता. जुनी पाइनची जंगले तोडली गेली, शिकारही झाली. १९५६ मध्ये त्याचे शेवटचे खात्रीचे दर्शन झाले, त्या वेळचे छोटे रंगीत चित्रण तेवढे उरले आहे. अमेरिकेतल्या हस्तिदंती चोचीच्या सुताराचे सर्वमान्य शेवटचे दर्शन १९४४ चे. तो अजून कुठेतरी असेल या आशेने आजही लोक दलदलीची राने पालथी घालतात.

तिसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. पांढऱ्या पोटाचा काळा सुतार जवळजवळ ४८ सेंटिमीटरचा, लाल तुऱ्याचा, रुबाबदार पक्षी. तो गोव्यापासून केरळपर्यंतच्या पश्चिम घाटात राहतो. याच प्रजातीची एक शाखा कोरिया आणि जपानच्या त्सुशिमा बेटावर होती. दक्षिण कोरियाने १९६८ मध्ये तिला ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षण दिले. आज त्सुशिमावर आणि दक्षिण कोरियात हा पक्षी नाही. कागदावरचे संरक्षण मोठ्या झाडांची जागा घेऊ शकले नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. अमेरिकेतला लाल कलगीचा सुतार जिवंत, जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो. १९७० मध्ये त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. पुढे जुनी झाडे राखली गेली, खोडांत कृत्रिम ढोल्या बसवल्या गेल्या, जमीनमालकांना सोबत घेतले गेले. संख्या सावरली आणि २०२४ मध्ये त्याला कमी धोक्याच्या वर्गात हलवण्यात आले. तिथे अर्धशतक लागले, पण जमले.

काय करता येईल?

- घर, रस्ता किंवा विजेच्या तारांना धोका नसेल तर बागेतले एखादे वठलेले झाड उभे राहू द्यावे. पूर्ण ठेवणे शक्य नसेल तर फांद्या उतरवून खोड ठेवता येते.
- देवराईतले मेलेले झाडही देवराईचाच भाग आहे. साफसफाई करताना ते शिल्लक ठेवावे.
- झाड तोडण्याआधी ढोली आहे का, पिल्ले आहेत का हे पाहावे. हिवाळ्यापासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत अनेक सुतारांची वीण सुरू असते.
- ढोलीजवळ उभे राहून फोटो काढू नयेत, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. सुतारांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.
- दिसलेल्या पक्ष्याची नोंद ‘ईबर्ड’सारख्या ठिकाणी तारीख आणि जागेसह करावी. कुठला सुतार कुठे टिकून आहे, हे अशाच नोंदींतून कळते.

थोडक्यात ओळख

सोनेरी पाठ, काळी कंबर: सोनपाठी सुतार.
सोनेरी पाठ, लाल कंबर, दाट जंगल: मोठा सोनपाठी सुतार.
काळा-पांढरा, मोठा तुरा, तोकडी शेपूट: हृदयाच्या ठिपक्यांचा सुतार.
विटकरी अंग, मुंग्यांच्या घरट्याजवळ: तांबूस सुतार.
पिवळे कपाळ, कोरडे माळरान: मराठा सुतार.
पंख्यासारखा तुरा, वाकडी चोच, जमिनीवर: हुदहुद. सुतार नव्हे.

पोफळीहून घाट चढताना ‘टर्रर्र’ ऐकू आले, तर आवाजाच्या दिशेने सर्वांत हिरवेगार झाड शोधू नये. जे झाड वाळलेले, निष्पर्ण आणि कुणी तोडायचे राहून गेलेले दिसते, आधी तिकडे पाहावे.